आपल्यातले

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सभासद आणि मित्रमैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात नाटकाच्या तालमीला एक नवे जोडपे आले होते. मी त्यांना चहा दिला, आडनाव विचारले, आडनावावरून काही उमगेना म्हणून मूळ गाव विचारले आणि तरीही उलगडा न झाल्याने कुलदैवतापर्यंत जाऊन पोहोचलो. परतताना गाडीत पत्नीला समाधानाने म्हणालो, ‘आपल्यातलेच निघाले.’ मागे बसलेल्या आमच्या अकरा वर्षांच्या कन्येने विचारले, ‘बाबा, नसते निघाले तर चहा परत मागितला असतास का?’

उत्तर सुचले नाही की मी व्याकरणात शिरतो. ही मुलगी लहानपणापासून ‘आम्ही कधी जेवायचं?’ असे मलाच विचारते आणि ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर ‘आपण’, वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’, हे मी तिला दर वेळी समजावतो. हा भेद इंग्रजीच्या ‘वी’मध्ये नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही, गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेत, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ आहेत, आणि मराठीतल्या या भेदाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ द्राविड भाषांच्या शेजाराशी जोडतात, हे सारे मी गॅरेजचे दार उघडेपर्यंत सांगत राहिलो. चहाचा प्रश्न तसाच राहिला.

कोशात ‘आपण’चा अर्थ सापडतो खरा, पण तो पक्का होतो बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्येच. ‘आपण आज गॅरेज आवरू या’ असे पत्नी म्हणते, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये नेमकी किती माणसे आहेत, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळले. मंडळाच्या पत्रात ‘आपण सर्वांनी खुर्च्या आवरण्यास थांबावे’ असे लिहिले जाते आणि प्रत्येकाला ते आदरार्थी ‘आपण’ शेजाऱ्यासाठी आहे असे वाटते. गेल्या खेपेला आम्ही चौघे उरलो होतो, आणि हे ‘आम्ही’ मी व्याकरणशुद्धच वापरतो आहे.

एसटीत शेजारचा प्रवासी ‘कुठले म्हणायचे आपण?’ असे विचारून डबा पुढे करायचा, ती आठवण मी येथे अनेकदा रंगवून सांगितली आहे. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असू शकतो, हे मात्र मला कधी जाणवले नाही, कारण माझे आडनाव त्या परीक्षेत कधी नापास झाले नव्हते. मंचावर कोणी ‘पानी’ म्हणाले की तिसऱ्या रांगेत खसखस पिकते, चहापाशी ‘तुमची भाषा जरा वेगळी वाटते’ असे गोड हसून म्हटले जाते, आणि वार्षिक सभेत मात्र उपस्थिती का घटते यावर आपण तासभर चर्चा करतो. रागावू नका, त्या तिसऱ्या रांगेत मीही असतो.

परवा कन्येने विचारले, ‘मेळाव्याला माझ्या मैत्रिणीला आणू? ती मराठीच आहे, पण आपल्यातली नाही ना?’ तिला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद शिकवताना माझी काही वर्षे गेली आणि अजूनही ती चुकते. ‘आपल्यातले’ हा शब्द तिने एकदाच ऐकला होता. मी घाईघाईने ‘अगं, आण की’ म्हणालो. त्या घाईतून तिने काय ऐकले असेल, ते सांगता येत नाही.

ती मैत्रीण आज आईवडिलांसह सभागृहात आहे. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी त्यांना कोण काय विचारते, याकडे माझे कान असतील, आणि माझ्या तोंडाकडे कन्येचे डोळे.