पोरांसाठी गिनी पिग आणायचा, तर

नमस्कार श्रोतेहो.

वार्षिक परीक्षा संपली की कोल्हापुरात बऱ्याच घरांत एक हट्ट सुरू होतो: आपण एखादा प्राणी पाळूया. फ्लॅटमध्ये कुत्रं नको, मांजर नको असं करत करत आईवडील पेट शॉपमधल्या हॅमस्टरपाशी येऊन थांबतात. मुठीत मावणारा, गुबगुबीत, पिंजराही हातभराचा. घाई होते ती इथंच. आमचा सल्ला गिनी पिगचा, म्हणजे हॅमस्टरपेक्षा मोठ्या, बिनशेपटीच्या कुरतडणाऱ्या प्राण्याचा. पण आधी बाकीचे बघूया.

हॅमस्टर दिवसा झोपतो आणि रात्री आठ-नऊनंतर जागा होतो, म्हणजे नेमका पोरांच्या झोपायच्या वेळेला. शाळेतून आलेलं मूल पाच वाजता पिंजऱ्यात हात घालतं, गाढ झोपेतला जीव दचकतो आणि कडकडून चावतो. बोटातून रक्त येतं, मूल धास्तावतं, पिंजरा गॅलरीत जातो आणि पुन्हा कुणी त्याकडं फिरकत नाही. यात मुलाचा दोष नाही, जनावराचाही नाही. शिवाय मोठ्या जातीचा, म्हणजे सीरियन हॅमस्टर एकटाच ठेवायचा. सोबत म्हणून दुसरा आणला तर वयात आल्यावर दोघं एकमेकांना फाडतात. पिंजऱ्याबरोबर मिळणारं चार-पाच इंची चाकही त्याला लहान पडतं. पळताना पाठ वाकडी होते. सपाट पृष्ठभागाचं, साधारण 28 सेंटिमीटर व्यासाचं चाक लागतं. बारा-तेरा वर्षांचं, रात्री शांतपणे बघत बसणारं मूल असेल तर हॅमस्टर जरूर आणा. पहिली-दुसरीतल्या पोराला नको.

पांढरे छोटे उंदीर फार चपळ, हातातून निसटतात, आणि त्यांच्या मुताचा वास घरभर राहतो. ससा तर कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातलाच नाही. त्याच्या वरच्या जबड्यात पुढच्या दातांमागं आणखी दोन बारीक दात असतात. त्याला गिनी पिगबरोबर एका पिंजऱ्यात ठेवूही नका. सशाच्या श्वासात असणारे काही जंतू गिनी पिगला न्यूमोनिया करतात.

लहान मुलांच्या घरासाठी आमची पसंती गिनी पिगला आहे. दिवसा जागा, क्वचित चावणारा, आणि गवताची पेंढी सोडल्याचा आवाज ऐकला की शिट्टीसारखं ओरडून हाक मारणारा. पण तो पाच ते सात वर्षं जगतो. मूल दुसरीत असताना आणलेला गिनी पिग ते आठवीत जाईपर्यंत घरात असेल, हे धरूनच चाला. तो कळपातला प्राणी, म्हणून दोन घ्या, आणि दोन्ही माद्या घ्या.

दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणाला तरी स्वतः बघा. उताणा न करता छातीखाली आणि ढुंगणाखाली हात देऊन उभा धरा. मादीला शेपटीच्या जागी इंग्रजी वाय अक्षरासारखी खाच दिसते. नराला गोल उंचवटा असतो आणि त्याच्यावर पोटाच्या बाजूनं हलका दाब दिला तर लिंग बाहेर येतं. मादी महिन्याभराच्या वयात गाभण राहू शकते आणि गाभणकाळ साधारण दोन-सव्वादोन महिन्यांचा, म्हणून नरामादीच्या एकाच पिंजऱ्यातून आणलेली मादी घरी येऊन पिलं देते. नाक-डोळे कोरडे, ढुंगण स्वच्छ, पुढचे दात सरळ आणि अंगावर कुठं टक्कल नाही, एवढं तपासा. टक्कल आणि कोंडा असेल तर तो नायटा असू शकतो, आणि तो पोरांनाही होतो.

पिंजऱ्याची जमीन जाळीची नको, पायाला जखमा होतात. दोघींना अडीच फूट बाय तीन फूट जागा ही कमीत कमी.

आता खाणं, कारण बहुतेक गिनी पिग इथंच मार खातात. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात मुख्यतः गवत चघळून. म्हणून वाळकं गवत चोवीस तास समोर हवं, सोबत ताजी हरळी. गवत उसाच्या बांधावरचं आणत असाल तर तिथं तणनाशक मारलंय का, ते आधी विचारा. भाताचं पिंजर अंथरायला चालेल, पोट भरायला नाही. लसूणघासात कॅल्शियम जास्त, पूर्ण वाढलेल्या गिनी पिगला रोज दिला तर मूतखडा होऊ शकतो.

माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडलं की सांधे सुजतात, जनावर कोपऱ्यात बसून राहतं, उचललं की ओरडतं. प्रत्येकीला रोज ढोबळी मिरचीची 20-25 ग्रॅमची फोड द्या. पेरूची फोड आठवड्यातून दोनदा, कारण त्यात साखरही असते. पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नका, ते जीवनसत्त्व पाण्यात लवकर नासतं. सशाच्या गोळीखाद्यात ते घातलेलंच नसतं. चपाती, भाकरी, बिस्किट, कांदा, लसूण, बटाटा बंद.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या गॅलरीत पिंजरा ठेवू नका. तीस अंशांच्या आसपासच त्याला त्रास सुरू होतो. तो आडवा पडून धापा टाकत असेल तर उष्माघात समजा आणि लगेच डॉक्टरांकडं न्या. तशी वेळ येऊ नये म्हणून उन्हाळ्यात पिंजऱ्यात टेकून बसायला शहाबादी फरशीचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा. पावसाळ्यात उलटा प्रश्न: गवताला बुरशी धरते. कुबट वास आला तर ती पेंढी सरळ टाकून द्या.

मुलांना जमिनीवर बसवूनच मांडीवर द्या. उभ्या पोराच्या हातातून पडला तर पाय किंवा कणा मोडतो. आणि आधी आणि नंतर हात साबणानं.

आपल्याकडं बरेच पशुवैद्य गाई-म्हशींचे. गिनी पिग बघणारा डॉक्टर विकत घेण्याआधीच शोधून ठेवा. घरातलं अमॉक्सिसिलिन, म्हणजे माणसांना देतात ते जंतू मारणारं औषध, चुकूनही पाजू नका, पोटातले उपयोगी जंतू मरून जनावर दगावतं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा, हे काम मुलाकडं द्या. आठवड्यात पन्नास-साठ ग्रॅम उतरलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि बारा तास गवताला तोंड लावलं नाही, तर सकाळची वाट न बघता लगेच घेऊन निघा.

नमस्कार.