चाचणी जे शोधते तेवढंच तिला सापडतं

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात आलात, मनापासून आभार. विषय आहे बाहेरच्या देशांतून येणारं अन्न आणि त्याची तपासणी, जरा जड आहे पण मी होईल तेवढा सोपा करून सांगते, आणि मध्येच काही विचारावंसं वाटलं तर लगेच हात वर करा, शेवटपर्यंत मनात धरून बसू नका.

आज सकाळी घरात काय काय शिजलं ते जरा आठवा. फोडणीचं तेल पाम असो, सूर्यफूल असो की सोयाबीन, आपल्या देशाला जेवढं खाद्यतेल लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. तूर मोझांबिकची किंवा म्यानमारची असू शकते, मसूर कॅनडाचा, हिंगाचा मूळ चीक तर अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातूनच येतो, दालचिनी म्हणून आपण जे आणतो त्यातलं बरंच व्हिएतनामचं. म्हणजे इम्पोर्टेड फूड म्हटलं की कॅम्पातल्या मोठ्या दुकानातली चॉकलेटं डोळ्यासमोर येतात, पण आपल्या वरणभातातसुद्धा ते आहे, आणि म्हणून हा विषय फक्त पैसेवाल्यांचा नाही, सगळ्यांचा आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. प्लास्टिकच्या तांदळाचे, सफरचंदावरचं मेण सुरीने खरवडून दाखवायचे जे व्हिडिओ ग्रुपवर फिरतात ना, त्यावर मी आज बोलणार नाहीये. फळांवर खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर द्यायला परवानगी असते, आणि प्लास्टिकचे तांदूळ ही अफवा आहे. असल्या गोष्टींना घाबरण्यात आपली शक्ती जाते आणि जे खरंच घडलेलं आहे ते बघायचं राहून जातं.

खरंच घडलेलं म्हणजे काय, तर २००८ सालचं चीनमधलं दूध पावडर प्रकरण. हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचे, एकेक पायरी उलगडून, कारण यात सगळं आलं. दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी होतं, आणि डेअरी प्रोटीन बघूनच दूध घेते. मग प्रोटीन मोजायचं कसं? जुनी, स्वस्त आणि जगभर चालणारी पद्धत म्हणजे केल्डाल टेस्ट. ही टेस्ट प्रोटीन थेट मोजतच नाही, ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा हिशोब लावते, दुधासाठी ६.३८ ने गुणायचं. प्रोटीनमध्ये नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो. आता मेलामाइन घ्या, तुळशीबागेत ज्या न फुटणाऱ्या प्लेटा मिळतात किंवा टेबलावर जो सनमायका असतो त्यात वापरलं जाणारं केमिकल, त्यात नायट्रोजन आहे ६६ टक्के. पाणी घातलेल्या दुधात चिमूटभर मेलामाइन टाकलं की टेस्टमध्ये प्रोटीन भरपूर! टेस्ट बरोबर, मशीन बरोबर, रिपोर्टही बरोबर, आणि दुधात विष. ज्याने हे शोधून काढलं त्याला केमिस्ट्री चांगली येत होती आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

चीनच्या सरकारनेच दिलेला आकडा आहे, जवळपास ३ लाख बाळं आजारी पडली, ५० हजारांहून जास्त हॉस्पिटलमध्ये गेली आणि ६ दगावली. सानलू नावाच्या कंपनीच्या पावडरीत एका किलोला २,५६३ मिलिग्रॅमपर्यंत मेलामाइन सापडलं. पुढे २०१० मध्ये कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, बाळांच्या पावडरीसाठी मर्यादा घातली, किलोला १ मिलिग्रॅम. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

मेलामाइन एकटं तसं फार जहाल नाही. पण बाळाच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त असतं, त्याच्याशी ते जुळतं आणि किडनीत खडे धरतात, लघवीचा रस्ता बंद होतो. मूतखड्याचं दुखणं काय असतं ते इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना माहिती असेल, चार महिन्यांच्या बाळाला ते सांगताही येत नाही, ते नुसतं रडतं आणि घरच्यांना वाटतं पोटात कळ आली, भूक लागली, म्हणून ते अजून थोडं दूध पाजतात.

आणि बाळच का, तर तुम्ही आम्ही दिवसभरात पंधरा पदार्थ खातो, एकात गडबड असली तरी बाकीच्यात ती पातळ होते. डब्याच्या दुधावरचं बाळ सकाळ, दुपार, रात्र एकच गोष्ट पितं, तीही एकाच कंपनीची, आणि वजन असतं पाच-सहा किलो. विषाचा हिशोब नेहमी वजनामागे करायचा असतो, म्हणून तोच चमचा बाळाला कितीतरी पट जास्त पडतो.

त्याच सप्टेंबरमध्ये भारताने चीनमधून येणारं दूध आणि दुधाचे पदार्थ बंद केले, बंदी पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि २०१९ मध्ये असं ठरलं की बंदरांवरच्या सगळ्या लॅबमध्ये मेलामाइन तपासायची सोय होईपर्यंत ती चालू ठेवायची. म्हणजे अकरा वर्षांनी आपण कागदावर मान्य केलं की सगळ्या बंदरांवर ही तपासणी होऊ शकत नव्हती. बंदी घातली हे उत्तमच केलं, पण लॅबची कमतरता एका मेलामाइनपुरती कशी असेल, मला सांगा.

न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरला की काय होतं? कागदपत्रं बघतात, माल डोळ्यांनी बघतात, आणि जोखीम किती आहे त्याप्रमाणे काही मालाचे नमुने लॅबला जातात. प्रत्येक कंटेनरचा नमुना घेणं शक्यच नाही हे मलाही कळतं. आणि नमुना गेला तरी लॅब ठरलेल्या यादीतल्याच गोष्टी शोधणार. २००७ पर्यंत अन्नात मेलामाइन शोधायचं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं, त्या वर्षी अमेरिकेत कुत्री-मांजरं किडनी जाऊन मरायला लागली, त्यांच्या खाण्यात चीनमधून आलेलं गव्हाचं ग्लुटेन होतं, तिथे मेलामाइन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पकडलं गेलं. तेव्हाच जगाने बाळांच्या पावडरी तपासायला घेतल्या असत्या तर?

आता तेलाकडे येते. स्पेन, १९८१. फ्रान्समधून रेपसीड तेल आलं, आपल्या मोहरीच्याच कुळातलं, पण कारखान्यासाठी. कुणी ते खाऊ नये म्हणून त्यात मुद्दाम ॲनिलिन घातलेलं होतं, रंग बनवायला लागतं ते केमिकल. व्यापाऱ्यांनी ते रिफाइन करून ॲनिलिन काढायचा खटाटोप केला आणि ऑलिव्हच्या नावाखाली, लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून, दारोदार आणि आठवडी बाजारात स्वस्तात विकलं. वीस हजारांवर लोक आजारी पडले, आधी ताप आणि फुप्फुसं, मग स्नायू आणि नसा, पहिल्या काही वर्षांतच तीनशेहून जास्त लोक गेले, आणि कितीतरी जण आयुष्यभरासाठी अपंग झाले. नेमक्या कुठल्या रसायनाने हे झालं ते आजही पक्कं सांगता येत नाही. ज्याचं नाव माहिती नाही त्याची टेस्ट कशी लावणार? तिथे डॉक्टरांनी माग काढला तो आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना, तुम्ही काय खाल्लं, ते कुठून घेतलं, असं विचारून विचारून, आणि सगळ्यांची बोटं त्या बिनलेबलच्या कॅनकडे गेली. आपल्याकडेही सुटं तेल विकायला कायद्याने मनाई आहे, राज्य सरकारला सूट देता येते हे खरं, पण सणासुदीच्या आधी स्वस्त मिळतं म्हणून कॅन भरून आणणारे कमी नाहीत. कृपा करून आणू नका.

जहाजातून तेल येतं तेव्हा आधीच्या फेरीत त्याच टाकीत काय होतं हे फार महत्त्वाचं असतं, त्यासाठी कोडेक्सने याद्याच केल्यात, आधी कुठला माल चालेल आणि कुठला नाही. हे कागदोपत्री खुसपट काढणं वाटेल, पण २०२४ च्या जुलैमध्ये चीनमध्येच पत्रकारांनी उघड केलं की कोळशापासून बनवलेलं इंधन वाहणारे टँकर ट्रक मध्ये न धुता खाण्याचं तेल भरून निघतायत. आणि २००८ मध्ये युक्रेनहून युरोपात गेलेल्या सूर्यफूल तेलात मिनरल ऑइल सापडलं होतं. पिकाचा यात काडीचा दोष नाही, शेतात चांगलंच पिकलं होतं, बिघडलं ते वाटेत.

हे वाटेत बिघडणं कसं असतं त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे दालचिनीचं. २०२३ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात लहान मुलांच्या रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत शिसं वाढलेलं दिसलं. शोधत शोधत गेले तर पाऊचमधला सफरचंदाचा गर निघाला, त्यात दालचिनीची पूड. पूड इक्वाडोरमध्ये दळलेली, काड्या श्रीलंकेच्या. काड्या तपासल्या तर त्यात शिसं नाही! पुडीत मात्र दहा लाख भागांत ५,००० च्या वर. लेड क्रोमेटचा संशय आला, म्हणजे पेंटमधला पिवळा रंग. शिसं मेंदूवर जातं, मूल लहान असताना गेलं की बुद्धी, लक्ष, वागणूक या सगळ्यावर परिणाम होतो आणि नंतर तो पुसता येत नाही. ताप येत नाही, उलटी होईलच असं नाही, आई-बापाला काही कळत नाही. तिथे कळलं कारण तिथे लहान मुलांचं रक्त शिशासाठी तपासतात. आपल्याकडे ही पद्धत नाही, त्यामुळे अशी पूड इथे आली असती तर आपल्याला पत्ताही लागला नसता, हे बोलताना मला खरंच भीती वाटते.

आणि कृपया कुठल्या एका देशाच्या नावाने खडे फोडू नका. २००३ मध्ये फ्रान्सने ज्या तिखटात सुदान रंग पकडला, पॉलिश आणि मेणाला वापरतात तो लाल रंग, ते तिखट आपलं होतं. लोकांनी आपल्याला जे पाठवू नये असं वाटतं, ते आपणही पाठवू नये, एवढं तरी म्हणू या.

आता एक चांगली बातमी, आणि ही मला फार आवडते. बांगलादेशात हळदीला चमक यावी म्हणून हेच लेड क्रोमेट चोळायचे. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते होतं. शास्त्रज्ञांनी अभ्यास छापला, सरकारने मनावर घेतलं, हातात धरायचं एक्स-रे मशीन घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात जाऊन तिथल्या तिथे हळद तपासली, जाहीरपणे दंड केला, गावोगाव पत्रकं वाटली. २०२१ मध्ये तेच प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत! ते मशीन मेलामाइन पकडणार नाही, तेलातलं काही पकडणार नाही, पण शिसं मिनिटभरात सांगतं. असं एक मशीन आपल्या मार्केट यार्डात, गुळ-भुसार विभागात, कायमचं हवं आणि रिपोर्ट रोज फळ्यावर लागायला हवा, ही मागणी मी जिथे जाते तिथे करते आणि तुम्हीही आपापल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे करा.

घरच्या घरी काय करायचं, हे विचारणारे हात मघापासून वर आहेत. मसाला अख्खा घ्या आणि ओळखीच्या कांडपावर समोर उभं राहून दळून आणा, दालचिनीचं वर सांगितलंच. बाहेरून आलेल्या पाकिटावर इथल्या आयातदाराचं नाव, पूर्ण पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी लायसन्स नंबर असायलाच हवा, नुसतं परदेशी भाषेतलं चकचकीत पाकीट असेल तर ठेवून द्या, भले निम्म्या किमतीत मिळो. बाळाच्या डब्याच्या बाबतीत तर यात शून्य तडजोड, आणि कुणी बॅगेतून आणून दिला म्हणूनही नाही. संशय आला तर तुम्ही स्वतः नमुना तपासून घेऊ शकता, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये ग्राहकाला तो हक्क आहे, विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं, फी भरायची, आणि माल खराब निघाला तर फी परत मिळते.

मागून एका ताईंनी विचारलंय, मुलाच्या रक्तातलं शिसं इथे तपासता येतं का. येतं, बालरोगतज्ज्ञांना विचारा, साधी रक्ताची टेस्ट आहे. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की आधी शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते बंद करा. म्हणजे मसाले, घराचा जुना रंग, काजळ, कल्हई नीट नसलेली भांडी, घरात कुणी बॅटरीच्या कामाला असेल तर त्यांचे कपडे, हे सगळं डॉक्टरांसमोर मांडा. मुलाला लोह आणि कॅल्शियम नीट मिळतंय ना तेही बघा, कारण ते कमी असेल तर शरीर शिसं जास्त ओढून घेतं. पुढचा प्रश्न घेऊ, काका, तुम्ही विचारा.