आगोट

(ड्रोन. माडांचे शेंडे, खाली कौलारू घर, पलीकडे समुद्र.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं एक गाव. होड्या वर ओढून झाल्यात. पडवीला झापं बांधायचं चाललंय. अंगणात सुकी मासळी उलटून पालटून वाळवणं चाललंय. ही आगोट. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी.

या घराच्या आगोटीत दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. झाकणाचा एक निळा पिंप आणि दोन लांब बांबू.

घरात माणसं तीन. आजी, वय 78, दोन वेळा इन्सुलिन घेते. मावशी, म्हणजे आजीची सून. आणि मावशींचा 24 वर्षांचा मुलगा, ज्याला अख्खी वाडी दादा म्हणते. दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, कळतं सगळं.

(पिंप उघडतो.)

फिटच्या गोळ्या, 30 दिवसांच्या. या गोळ्या एकाएकी थांबल्या की फिट येण्याचा धोका वाढतो. 3 जून 2020ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, रस्ते झाडांखाली गेले, वीज कित्येक आठवडे नव्हती. सहाव्या दिवशी गोळ्या संपल्या, दादाला लागोपाठ फिट आल्या, दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. त्या दिवसाचे मोबाइलवर हे दोनच फोटो आहेत.

गोळ्यांखाली डायपर, औषधाच्या चिठ्ठीची प्रत, टॉर्च, शिट्टी. आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेलं हे कार्ड, गळ्यात घालायचं.

(कार्ड, अगदी जवळून.)

“मी बोलत नाही. मला ऐकू येतं. ‘हो’ म्हणायचं असेल तर मी नजर वर करतो. ‘नाही’ला डोळे मिटतो. मला आडवं झोपवून पाणी पाजू नका.”

मावशींनी हे चार वेळा लिहिलं. पहिल्या कार्डावर पत्ता, जन्मतारीख आणि आजाराचं नाव एवढंच होतं. अंधारात, पावसात, अनोळखी जवानाच्या हाती दादा गेला, तर त्याच्या आजाराचं नाव वाचून त्या जवानाने नेमकं काय करायचं?

आजीच्या इन्सुलिनचा प्रश्न फ्रिजचा. शेजाऱ्यांनी मासळीचा बर्फ सुचवला होता, पण इन्सुलिन गोठलं की वाया जातं. मग ही जोडी: मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू. आज थर्मामीटर बाहेर 32 दाखवतोय, आत 28. भर पावसात हा फरक उरत नाही, कारण पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते. वापरात असलेली कुपी मात्र साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते. नेमकं किती दिवस, किती अंशांपर्यंत, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मावशींनी फ्रिजच्या दारावर चिकटवलाय.

(पाखाडी, खालून वर.)

आता बांबू. घर खाली वाडीत, रस्ता वर, मधे जांभ्याची पाखाडी. 41 पायऱ्या. व्हीलचेअर इथे पहिल्या पायरीलाच थांबते. पूर्वी अडलेल्या बाईला याच पाखाडीने डोलीत बसवून वर न्यायचे.

तीच डोली पुन्हा बांधायची ठरली. पहिल्या खेपेला प्लास्टिकची खुर्ची घेतली. तिचा हात कसा वाकला, पाहा. दुसऱ्या खेपेला ओटीवरची सागवानी खुर्ची निघाली. नायलॉनची दोरी ओली झाली की सटकते, म्हणून काथ्याचा दोर. गाठी मारताहेत ते समोरच्या कोळीवाड्यातले काका. आयुष्य होडीवर गेलंय. बांबू खुर्चीच्या हातांखालून काढला, मागच्या पायांना फास दिला, मग पुढच्या. छातीशी आजीच्या जुन्या लुगड्याचा चौपदरी पट्टा. चढताना दादाचं तोंड वरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे भार पाठीवर जातो. उतरताना तोंड तिकडेच, उतरायचं उलटं.

आजीला हे पसंत नव्हतं. बांबू, दोर आणि चार माणसं, यात तिला भलतंच काही दिसत होतं. खुर्ची रिकामी असेपर्यंत ती आतून बाहेर आली नाही.

(दादाचा चेहरा. फक्त पावलांचा आवाज.)

41 पायऱ्या, 11 मिनिटं.

वर पोचल्यावर आसरा म्हणून ठरलेली शाळा. उतार चांगला बांधलाय. संडासाचं दार 22 इंच, व्हीलचेअर 24.

(आशाताईंची वही.)

आणि ही वही. एकट्याने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची नावं आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीने, स्वतःहून लिहून ठेवलीत. सात घरं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाचं डायलिसिस, कोण कुठल्या खोलीत झोपतं, सगळं. डायलिसिसवाल्या घरापुढे लाल पेनाने लिहिलंय: “शहाळं देऊ नये.” मदतीला धावलेला माणूस कोकणात आधी शहाळंच फोडतो, आणि त्यातलं पोटॅशियम या रुग्णांना झेपत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 8प्रमाणे जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवायची आहे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. या वाडीत आम्हाला जी नोंद दिसली ती ही, शंभर पानी, कव्हर निघालेली. आशाताई रजेवर गेल्या की वही त्यांच्या कपाटात.

(पुन्हा पाखाडी. संध्याकाळ.)

डोली उचलणारे चौघे. त्यातले दोघे चाकरमानी, मुंबईहून सुट्टीला आलेले. त्यांची परतीची तिकिटं 4 जूनची आहेत, पाऊस त्यानंतरचा. म्हणून दुसऱ्या फेरीला पुढचे बांबू मावशी आणि आशाताईंनी घेतले.

19 मिनिटं लागली. खुर्ची मधे दोनदा टेकवावी लागली.