रिपोर्ट नॉर्मल, तरीही धडधड

[दृश्य : रुग्णालयाचा तातडीचा विभाग, रात्रीची वेळ]

छातीत धडधडतंय. श्वास पुरत नाही. घशाला कोरड, हातापायांना मुंग्या, आणि आता आपलं काही खरं नाही अशी पक्की खात्री. घरचे धावत रुग्णालयात आणतात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, आणि मग डॉक्टर सांगतात, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे."

हृदयापुरतं ते खरं असतं. पण ती धडधडही खरीच होती आणि त्या मुंग्याही. याला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका म्हणतात. काही मिनिटांतच तो टोकाला जातो आणि मग हळूहळू ओसरतो. माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी येतो. मात्र आपल्याला नेमकं काय झालं आणि पुढे कोणाकडे जायचं, हे त्याला बऱ्याचदा कोणीच सांगितलेलं नसतं. तेच, आणि एकूणच चिंताविकाराबद्दल, म्हणजे काळजी किंवा भीतीचा आजार होतो त्याबद्दल, सांगण्यासाठी ही फिल्म आहे.

आधी एक गोष्ट. छातीत पहिल्यांदाच असं झालं, तर हा पॅनिक अटॅक आहे असं घरबसल्या ठरवू नये. हृदय तपासून घ्यावंच. थायरॉइडचा त्रास, काही औषधं, अति कॉफी यांनीही धडधड होते.

[दृश्य : शरीराचं रेखाचित्र, वेगाने चालणारा श्वास]

संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास हे मांडलं. अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वासाची गती वाढते. समोर खरं संकट असेल, तर हे सगळं उपयोगी पडतं. पण संकट नसताना श्वास असाच भराभर चालला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. माणसाला वाटतं, हा हार्ट अटॅकच. त्या भीतीने अ‍ॅड्रेनलिन आणखी वाढतं, धडधड आणखी वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राची मांडणी केली. पॅनिकच्या आजच्या मानसोपचारात ती फार महत्त्वाची मानली जाते.

चिंताविकार एकाच प्रकारचा नसतो. कोणाला दिवसच्या दिवस काळजी पोखरत राहते, आज पैशांची, उद्या मुलांची, परवा तब्येतीची. बहुतेक दिवस अशी काळजी, तीही सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, आवरूनही न आवरणारी, आणि सोबत झोप उडालेली, मान-खांदे आखडलेले, चिडचिड वाढलेली, असं असेल तर त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. कोणाला चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कोणी गर्दीत किंवा बसमध्ये जाणंच सोडून देतो, कारण तिथे काही झालं तर बाहेर कसं पडणार, ही धास्ती. कोणाला कुत्र्याची भीती, कोणाला उंचीची. सुई किंवा रक्त पाहून काही जणांना चक्क भोवळ येते. तिथे आधी धडधड वाढते आणि मग रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून त्यांना अंग सैल सोडायला नाही, तर हातापायांचे स्नायू घट्ट आवळायला शिकवतात.

काळजी कोणाला नसते? परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणं हा आजार नाही. काळजीमुळे काम, शिक्षण, नाती अडू लागली, की ती तपासून घ्यायची वेळ आलेली असते.

[दृश्य : लिफ्टच्या दारासमोर थांबलेला माणूस जिन्याकडे वळतो]

आता जरा थांबून बघू या. हा माणूस लिफ्ट टाळतो. टाळल्याबरोबर त्याला बरं वाटतं, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं. लिफ्टमध्ये काही होत नाही, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. उद्या तो बंद खोली टाळेल, परवा सिनेमागृह. काही जण टाळत नाहीत, पण खिशात गोळी असल्याशिवाय, सोबत कोणी असल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. हेही टाळणंच. घरची माणसं मायेपोटी यात सामील होतात. "राहू दे, मी जाऊन येतो," म्हणतात. आमच्या मते या आजाराबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल, तर ती ही : भीती टाळण्यावर पोसली जाते.

उपचार उलट्या दिशेने जातात. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला जायचा. शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. आजच्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारात, भीतीला असंच पायरीपायरीने सामोरं जाणं असतं. आधी लिफ्टजवळ उभं राहायचं, मग दार उघडं ठेवून आत, मग एक मजला. पॅनिक असेल, तर थेरपिस्ट मुद्दाम जोरात श्वास घ्यायला किंवा खुर्चीत गोल फिरायला लावतात. धडधड होते, चक्कर येते, आणि काहीही न करता ती आपोआप उतरते, हे माणूस स्वतः अनुभवतो. सुरुवातीला हे जड जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. साधारण आठवड्याला एक सत्र, असं काही महिने चालतं.

[दृश्य : औषधाची चिठ्ठी]

गोळ्यांबद्दल गैरसमज फार आहेत. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे चिंता आणि नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. बरेच लोक तिथेच गोळी सोडतात. तसं न करता डॉक्टरांना फोन करावा. बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात आणि हळूहळू कमी करूनच थांबवाव्या लागतात. बेन्झोडायझेपिन गट वेगळा. १९६० मध्ये त्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. त्याने तासाभरात शांत वाटतं, पण सवय लागते. ती गोळी थोड्या दिवसांसाठीच असते. जुनी चिठ्ठी दाखवून ती महिनोन्महिने आणत राहू नये, आणि आधीच चालू असेल तर एकदम बंदही करू नये. दारूने रात्र निभावते, सकाळी चिंता वाढलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता. गरज असलेल्या चौघांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतात. उपचार उपलब्ध असताना हे होतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

[दृश्य : दवाखान्यातली दोन खुर्च्यांची खोली]

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालते. चिंता किती आहे हे पाहायला ते सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देऊ शकतात. मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. जाताना एका कागदावर लिहून न्यावं : त्रास केव्हा होतो, किती वेळ टिकतो, त्यामुळे काय काय करणं सोडलं, कोणती औषधं चालू आहेत. एका थेरपिस्टशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जावं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावं आणि रुग्णालय गाठावं.

घरच्यांनी "जास्त विचार करू नकोस" म्हणणं सोडावं. त्याऐवजी लिफ्टपाशी सोबत उभं राहावं.

बरं झाल्यावरही ताणाच्या काळात त्रास पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणजे आधीचे उपचार वाया गेले, असं नाही. आपण पुन्हा काय टाळायला लागलो आहोत ते पाहावं, आणि त्याच थेरपिस्टकडे दोन-चार सत्रांसाठी परत जावं.