बुजलेली जखम आणि अनवाणी पाऊल

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, एक तिरपा व्रण आहे. काच घुसली होती आणि सात टाके पडले होते. टाके निघाले, खपली पडली आणि मी पाय बरा झाला असं धरून चालले. अनवाणी धावायचं मनात आलं ते साधारण वर्षभराने. तेव्हा कुठे मला कळलं, की जखम बुजली म्हणजे ती कातडी धावायला तयार झाली असं होत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तळपायावर असा जुना व्रण असेल आणि बूट काढून धावायची ओढ लागली असेल, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी आहे.

जखम भरताना शरीराला घाई असते. ते कोलॅजेनचे, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे मिळतील तसे विणून भोक बुजवतं आणि ती वीण नीट बसवण्याचं काम पुढे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ चालू राहतं. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या जेमतेम पाव हिस्सा ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि साधारण तिथेच थांबते. व्रणाच्या जागी घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत. तुटलेल्या नसाही जशा होत्या तशा जुळत नाहीत. त्यामुळे कुठे बधिरपणा राहतो, तर कुठे नुसता मोजा घासला तरी झिणझिण्या येतात.

अनवाणी धावणाऱ्याचं सगळं संरक्षण या जाणिवेवरच तर उभं आहे! बूट घालून धावणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात. बूट काढून कडक जमिनीवर तसंच उतरलं की टाचेला दणका बसतो. म्हणून सवयीने अनवाणी धावणारे बरेचदा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या डॅनियल लीबरमन यांच्या गटाने २०१० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे मोजमापांसह मांडलं होतं. तळव्याला खडा लागतो, पाऊल आपोआप हलकं पडतं, गुडघा थोडा जास्त वाकतो. पण व्रण चवड्यावर असेल, तर पहिला भार नेमका त्याच्यावर येतो आणि खडा लागल्याचा निरोप तिथूनच उशिरा निघतो.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांचं नाव येतंच. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांचा सरावच अनवाणी होता, हे आपण विसरतो. टोकियोला १९६४ साली ते बूट घालून धावले आणि पुन्हा जिंकले.

तर सुरुवात हाताने करा. पाऊल मांडीवर घ्या, व्रणावर बोट दाबा आणि सरकवून बघा. आजूबाजूची कातडी सरकते तसा व्रण सरकतो का? खाली चिकटलेला असेल, तर प्रत्येक पावलाला तो ओढला जाणार. कातडी पूर्ण बुजलेली असेल तर थोडं तेल लावून रोज पाचेक मिनिटं गोल गोल, मग आडवं-उभं चोळा. व्रण लाल, उंचावलेला आणि खाजरा असेल, तर त्याची वीण अजून नीट बसायची आहे असं समजा. फिका, सपाट आणि मऊ झालेला व्रण बराच भरवशाचा.

मग चालणं. आधी घरातल्या फरशीवर, नंतर बाहेर स्वच्छ, गुळगुळीत, कडक रस्त्यावर. गवत मऊ लागतं, पण त्यात काटा आणि काच दडते. एकदा ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर चालून दोन्ही ठसे शेजारी ठेवून बघा. माझ्या उजव्या ठशात अंगठ्याखालचा भाग जवळजवळ उमटलाच नव्हता. व्रण सांभाळता सांभाळता मी वर्षभर पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! तो ठसा सारखा यायला दीड महिना लागला आणि तो दीड महिना मी धावले नाही.

त्यानंतर धावणं सुरू केलं, एका वेळी एक मिनिट, तेही दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात मात्र उत्साहाच्या भरात एकदम दहा मिनिटं धावले. दुखलं काहीच नाही. घरी आल्यावर फरशीवर ओला डाग दिसला. व्रणाच्या कडेला, जिथे ताठ कातडी संपून लवचीक कातडी सुरू होते, तिथे फोड येऊन फुटला होता. बारा दिवस थांबावं लागलं.

पोटऱ्या दुखतील, ते चालतं. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी हाडात कळ येऊ लागली तर मात्र लगेच थांबा. स्नायूंपेक्षा हाडं फार सावकाश तयार होतात. व्रणावर घट्टा जमला तर ब्लेडने कापू नका, पाय भिजवून हलकेच घासा. व्रणाखाली टोचल्यासारखं वाटत असेल, तर काचेचा तुकडा राहिलेला असू शकतो. एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसतो. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतलेली असावी. आणि मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर कळकळीने सांगते, अनवाणी धावू नका.

मी आता वीस मिनिटं धावते, आठवड्यातून तीनदा. व्रणाला गारवा कळतो, दाब कळतो. बारीक खडा अजूनही कळत नाही. म्हणून परत आल्यावर पाय धुते, उजवं पाऊल मांडीवर घेते आणि व्रणाच्या दोन्ही कडांवरून सावकाश बोट फिरवते.