डिस्क फाइल शाबूत आहे, मग व्हीएम का उठत नाही?

नमस्कार. डेटास्टोअरवर, म्हणजे सर्व्हरच्या स्टोरेजवर, ४० जीबीची डिस्क फाइल दिसतेय, पण व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सुरू केली की ती चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय म्हणतं, फाइल सापडत नाही. अशा वेळी घाईने नवी व्हीएम बनवू नका. डेटा बहुधा जागेवरच असतो.

व्हीएमवेअरची डिस्क एक दिसते, पण फाइल्स दोन असतात. नावात ‘फ्लॅट’ असलेली मोठी, तिच्यात सगळा डेटा. दुसरी अर्ध्या केबीच्या आसपासची साधी टेक्स्ट फाइल, म्हणजे डिस्क्रिप्टर. डिस्क केवढी आणि डेटा कुठल्या फाइलमध्ये, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बॅकअप घेताना ‘एवढीशी फाइल कशाला’ म्हणून मागे राहते ती हीच.

ती परत बनवता येते. आधी फ्लॅट फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग एसएसएचने ईएसएक्सआयच्या कमांड लाइनवर जा, ‘एलएस मायनस एल’ द्या आणि फ्लॅटचा आकार बाइटमध्ये जसाच्या तसा टिपून घ्या.

[स्क्रीनवर: ४२९४९६७२९६०]

हे आपले ४० जीबी. आता डिस्क बनवणाऱ्या ‘व्हीएमकेएफएसटूल्स मायनस सी’ या कमांडला हाच आकडा देऊन ‘टेम्प’ नावाची डिस्क बनवा. प्रकार थिन, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेणारा, ठेवा, म्हणजे जागा अडत नाही. डिस्क ज्याला जोडलेली असते तो अडॅप्टर कोणता, ते व्हीएमच्या सेटिंगच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये सापडेल, तोच द्या. तयार झालेली टेम्पची फ्लॅट उडवा. इथे नाव दोनदा वाचा, चुकून खरी फ्लॅट गेली तर सगळंच गेलं. टेम्पच्या डिस्क्रिप्टरला जुनं नाव द्या, तो उघडा, फ्लॅटचं नाव दुरुस्त करा. मूळ डिस्क थिन नसेल तर ‘थिन प्रोव्हिजन्ड’ची ओळ काढून टाका. फ्लॅटचं नाव असलेल्या ओळीतच ८३८८६०८० दिसेल. ते ५१२ बाइटचे सेक्टर; गुणाकार करून आकडा जुळतोय ना, बघा.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपलेली असेल, तर अजून एक काम. त्यानंतरचे बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातात. पहिल्या डेल्टाच्या डिस्क्रिप्टरमध्ये ‘पेरेंट सीआयडी’ असतो, आणि तो मूळ डिस्कच्या सीआयडीशी, म्हणजे ओळख क्रमांकाशी, जुळावाच लागतो. नव्या डिस्क्रिप्टरला सीआयडी नवा मिळालेला असतो, म्हणून डेल्टातला ‘पेरेंट सीआयडी’ उचलून मूळ डिस्कच्या सीआयडीत लिहा. मग सर्वांत वरच्या, म्हणजे शेवटच्या, डेल्टावर ‘व्हीएमकेएफएसटूल्स मायनस ई’ चालवून साखळी तपासा. मात्र स्नॅपशॉट असताना नुसती मूळ डिस्क दुसऱ्या व्हीएमला जोडून कधीही बूट करू नका. मूळ डिस्कवर एकदा लिहिलं गेलं की डेल्टातले ब्लॉक तिच्याशी जुळत नाहीत, आणि फाइल सिस्टीम बिघडते.

म्हणून हाताने बॅकअप घेताना व्हीएम बंद करा आणि फोल्डर अख्खं उचला. चालू व्हीएमची डिस्क लॉक असते. शिवाय मेमरीतला डेटा डिस्कवर उतरलेलाच नसतो. स्नॅपशॉट घेतलाय म्हणून निर्धास्त राहू नका, मूळ डिस्क गेली तर तोही निरुपयोगी.

परत आणलेली व्हीएम पहिल्यांदा सुरू करताना नेटवर्क कार्डची ‘कनेक्टेड’ची खूण काढा. जुनी अजून चालू असेल तर एकाच आयपीवर दोन मशीन भांडतील. ‘हलवली की कॉपी केली’ असं विचारलं, तर जुनीच्या जागी आणताना ‘हलवली’ म्हणा. ‘कॉपी’ म्हटलंत की नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, बदलतो, आणि त्याला बांधलेली लायसन्स अडकतात.