चिकटला का कुठे?

(सकाळ. लोअर परळ स्टेशनचा पूल, वरून.)

सकाळचे साडेनऊ. हा शॉट घ्यायला आम्हाला तीन दिवस लागले, कारण पहिले दोन दिवस गर्दीनेच आम्हाला ट्रायपॉडसकट पुलाच्या खाली उतरवलं. बघा जरा ह्या पोरांकडे. गळ्यात आयडी कार्ड, कानात इअरबड्स, पाठीला सॅक, आणि चाललीयेत कुठे, तर मिलमध्ये. गिरण्या कधीच गेल्या, पण पत्ते तसेच राहिले. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, फिनिक्स मिल. एचआरचा मेल येतो त्यात अजून मिल कंपाउंडच लिहिलेलं असतं.

आणि ह्याच पोरांबद्दल फॅमिली ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड येतो, की आजकालच्या पिढीला काम नको, एका जागी टिकत नाहीत. तर आम्ही म्हटलं, टिकणारी पिढी नक्की कोणती होती ते एकदा बघून येऊ.

(काळाचौकी. चाळीचा जिना, गॅलरी, वाळत घातलेले कपडे.)

10 बाय 12 ची खोली, तीन पिढ्या. आबा वय वर्ष ऐंशीच्या पुढे, पप्पा पंचावन्नच्या आसपास, आणि मुलगी 23 ची. नावं नकोत म्हणाले, म्हणून नाहीत. मुलगी बोलता बोलता एक भारी गोष्ट बोलून गेली. आबांबद्दल घरात म्हणतात ते गिरणीत 'लागले'. पप्पा पतपेढीत 'चिकटले'. आणि मी? मी 'जॉइन झाले'. लागायला आणि चिकटायला जोर लागतो ना, जॉइन तर मीटिंगपण करतात.

(आबांचे हात. पत्र्याची पेटी उघडतात.)

हे पिवळं पडलेलं कार्ड. बदली कार्ड. आता हे नीट ऐका, कारण आबा लागले म्हणजे साताऱ्याहून आले आणि दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहिले असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. तसं नव्हतं. आधी गाववाल्यांच्या खोलीत जागा, वीस-पंचवीस माणसं, एक पाळी कामावर तर दुसरी पाळी झोपलेली, जेवण खानावळीत. मग ओळखीनं जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम, गाठायचा, त्याचं चहापाणी करायचं, मग हे कार्ड. आणि कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं अजिबात नाही. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. सातची पाळी. आत कायमवाल्यांची हजेरी चालू, कोण आलं नाही, कुणाचा ताप, कुणाच्या गावी लग्न, जेवढे कमी पडले तेवढ्या बदलीवाल्यांना आत हाक. बाकीचे परत, किंवा दुपारच्या पाळीला पुन्हा येऊन उभे. ही पद्धत आबांच्याही आधीची, 1935 मध्ये गिरणी मालकांच्या संघानं कार्डं देऊन ती रीतसर केली, त्याआधी तर सगळा जॉबरचाच कारभार.

आबा म्हणतात, "कुणाच्या पोटात दुखलं की आमचं पोट भरायचं."

असं किती दिवस? सहा वर्षं. सहा वर्षं रोज सकाळी ह्या माणसाला माहीत नव्हतं की आज काम आहे की नाही. मग साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कायम झाले, आणि कायम झाल्यावर मात्र हलले नाहीत. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच यायचं नाही म्हणून ओठ बघून समजायचं, ती सवय अजून आहे. आम्ही मागून प्रश्न विचारला तर उत्तर नाही, समोर आलो की लगेच. (हे आम्हाला पहिल्या दिवशी कळलंच नाही, आम्ही उगाच माइक बदलत बसलो.)

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, बदलीवाल्यांना कायम करा हीपण त्यातली एक मागणी होती. संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. आबांची नोकरी गेली. त्या दिवसांचा घरात एकच फोटो आहे, तो हा.

(फोटो. काही सेकंद शांतता.)

(टाइपरायटरच्या किजचा क्लोजअप.)

हे मशीन पप्पांच्या क्लासमधलं नाही, आम्ही भाड्यानं आणलंय, पण आवाज तोच. दहावी झाली की टायपिंग लावायचं, मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्लिश 40. मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव, त्याचं कार्ड दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं आणि कॉलची वाट बघायची. पप्पांना कॉल आलाच नाही. मग खाजगीत. आता पप्पांचं ऐका, हे त्यांनी मुलीलापण आधी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन नोकऱ्या सात-सात महिन्यांच्या! का, तर कायद्यात 240 दिवस असा आकडा आहे, वर्षात तेवढे भरले की माणूस कायम करा म्हणायला उभा राहू शकतो, म्हणून ते भरायच्या आत 'ब्रेक' द्यायचे. सात महिने काम, मग महिनाभर घरी, मग वाटलं तर परत बोलवणार, नवीन कागद, नवीन तारीख. आणि त्या महिन्यात चाळीत जो भेटेल तो विचारणार, काय रे, चिकटला का कुठे?

मग पतपेढी. आज 27 वर्षं. तिथे कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही म्हणून तुम्हाला फक्त डबा भरताना आणि बसस्टॉपवर दिसतील.

(मोबाइलच्या उजेडात मुलीचा चेहरा. रात्र.)

आता ही. बीएमएस झालं, म्हणजे मॅनेजमेंटची डिग्री, सहा महिने अप्लाय करत होती. अप्लाय म्हणजे काय ते आम्ही तिच्या शेजारी बसून शूट केलं. एकच सीव्ही, पण प्रत्येक पोर्टलवर तोच पुन्हा टाइप करायचा. मग कॉल, मग एचआर राउंड, मग असाइनमेंट, म्हणजे त्यांच्याच क्लायंटचं काम फुकट करून द्यायचं, मग मॅनेजर राउंड, मग "वी विल गेट बॅक टू यू", आणि मग काही नाही. नाही म्हणायचीपण तसदी नाही. आबांना निदान गेटवर तोंडावर सांगायचे, आज नाही, जा.

शेवटी लागली एका ठिकाणी, मिल कंपाउंडमध्येच. सहा महिने प्रोबेशन. पहिल्या इंटरव्ह्यूत तिने विचारलं होतं शनिवारी सुट्टी असते का, तर पप्पांनी डोक्याला हात लावला, म्हणे असं विचारतात का कुणी, उभं करणार नाहीत. पण पप्पा, रविवार तरी कुणीतरी मागितलाच होता ना? नारायण मेघाजी लोखंडे, गिरणीच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेला माणूस, फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला, वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तेव्हापण मालकांना हे आळशीपणाचंच वाटलं असणार.

तर शनिवार कामाचाच निघाला, रविवारी क्लायंटचे मेसेज, घरी यायला अकरा. तिने सोडली. किती महिन्यांनी? सात. तिघं एकत्र बसले होते तेव्हा हे आलं, आणि पप्पा एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "आम्हाला ब्रेक कंपनी द्यायची. हिने कंपनीलाच दिला." रागाने म्हणाले की कशाने, ते तुम्हीच ठरवा, क्लोजअप आहे.

(संध्याकाळ. मॉलच्या मागचं गेट, मागे फिनिक्सची चिमणी.)

इथे थोडं थांबूया, कारण हा शॉट आम्हाला सोडवत नाही. बाइक लावून, बॅग पाठीला, डिलिव्हरीवाली पंधरा-वीस पोरं. सगळ्यांच्या माना खाली, मोबाइलकडे. ऑर्डर पडली की एक उठतो. ऑर्डर नाही तर बसून राहा. एकाने सांगितलं की रेटिंग पडलं की ऑर्डर कमी होतात आणि आयडी ब्लॉक झाली तर विचारायचं कुणाला तेच कळत नाही. 'गिग वर्कर', म्हणजे कायम नोकरी नाही, जेवढं काम तेवढे पैसे, हा शब्द 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला, ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतला 1 ते 2 टक्के हिस्सा ह्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा असं त्यात आहे. इथे बसलेल्यांपैकी कुणाला ते माहीत नव्हतं.

आबांना आम्ही हे फुटेज दाखवलं. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "जॉबर कुठाय ह्यांचा?" मुलगी म्हणाली, "आबा, तो मोबाइलमध्येच असतो."

(चाळ. दुपार.)

आज तिचा नवीन इंटरव्ह्यू आहे, ऑनलाइन. मागची भांड्यांची मांडणी दिसू नये म्हणून चादर लावलीये, पप्पांनी हाफ डे टाकून शर्ट इस्त्री केलाय, खाली मात्र घरातलीच पँट. शेजारच्या काकूंना सांगून झालं की तासभर कुकर लावू नका. आबा खुर्ची घेऊन दाराबाहेर गॅलरीत बसलेत, पोरं खेळत आली की हात दाखवून थांबवतात. लिंक चारची आहे. चारला पाच कमी.